ॲप इकडे, केसपेपर तिकडे!

‘आजचे युग हे संगणकाचे युग आहे’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत एकदा तरी निबंधात लिहिलेलं आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये होते, म्हणून मी ते इंग्रजीतून लिहिलं, एवढाच काय तो फरक! पण मित्रमैत्रिणींनो, हे युग आपल्या जिल्ह्यातल्या पेशंटपर्यंत कितपत पोचलंय हे बघायचं असेल तर एखाद्या दिवशी सकाळी धाराशिवच्या बसस्टँडवर जाऊन उभे राहा. सोलापूर, बार्शी, लातूरच्या गाडीची वाट बघणाऱ्यांत दोन-चार जण तरी असे दिसतात, ज्यांच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी असते. पिशवीत एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचे काळे फोटो आणि चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. त्याच माणसाच्या खिशात स्मार्टफोन असतो. त्यात शुगर लिहून ठेवायचं नाहीतर सरकारी ‘आभा’चं ॲप असतं. पिशवी आणि फोन यांची एकमेकांशी ओळख नसते, आणि तो ज्या हॉस्पिटलला निघालाय तिथल्या कॉम्प्युटरची तर या दोघांशीही ओळख नसते.

या तिघांची ओळख करून देणं हे आपल्या पिढीच्या इंजिनिअरचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नवीन ॲप काढायला कुणीही बसेल. जोडायला कुणी बसत नाही.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये पेशंटची जी नोंद असते, म्हणजे कधी आला, काय तक्रार, काय तपासलं, कोणतं औषध दिलं, तिला इलेक्ट्रॉनिक मेडिकल रेकॉर्ड म्हणतात. थोडक्यात ईएमआर. ही नोंद हॉस्पिटलच्या ताब्यात असते. फोनमधलं ॲप पेशंटच्या ताब्यात असतं. घरी रोज सकाळी मोजलेलं बीपी ॲपमध्ये राहतं, ते डॉक्टरला दिसत नाही. डॉक्टरने काय लिहिलं ते हॉस्पिटलमध्ये राहतं, ते पेशंटला दिसत नाही. दोघांकडे अर्धी अर्धी माहिती, आणि औषध मात्र पूर्ण घ्यायचं!

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय बिघडतं? इतकी वर्षं चाललंच की. सांगते.

आमच्या घरात इंग्रजी कागद वाचायचं काम माझ्याकडे आहे. सातवीत असल्यापासून. नात्यातलं कुणीही हॉस्पिटलमधून घरी आलं की डिस्चार्ज कार्ड माझ्यापुढे येतं आणि प्रश्न येतो, “ह्यात काय लिहिलंय गं?” माझी एक मावशी भूम तालुक्यात राहते. तिला बीपीचा त्रास. तालुक्याच्या एका डॉक्टरांची गोळी चालू होती. मध्ये ती लग्नासाठी शहरात आली, चक्कर आल्यासारखं वाटलं म्हणून दुसऱ्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “आधीची गोळी कोणती?” मावशी म्हणाली, “पांढरी. बारकी.” आता बीपीच्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि बारक्याच असतात! त्यांनी नवीन चिठ्ठी लिहून दिली. मावशीला वाटलं जुनी वेगळी, नवी वेगळी, म्हणून ती दोन्ही घेत राहिली. तीन आठवड्यांनी पाय सुजले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. शेवटी मेडिकलवाल्या काकांनी दोन्ही पाकिटं उलटी करून दाखवली. कंपन्या दोन, नावं दोन, पण आतलं औषध एकच, ॲम्लोडिपिन. म्हणजे ती दुप्पट डोस घेत होती.

यात दोन्ही डॉक्टरांना मी दोष देणार नाही. पहिल्याने बरोबर लिहिलं, दुसऱ्याने समोर जे दिसलं त्यावर बरोबर लिहिलं. दोघांमध्ये जो निरोप जायला पाहिजे होता तो न्यायला ‘पांढरी, बारकी’ एवढे दोनच शब्द होते. मावशीच्या खिशात त्या वेळीही स्मार्टफोन होता.

मग हा निरोप जात का नाही? इथे आपल्या भागातलीच एक गोष्ट आठवते. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिचे रूळ अडीच फूट रुंदीचे. पुढे ती आपल्या जिल्ह्यातून लातूरपर्यंत गेली. मुख्य लाईनचे रूळ मात्र साडेपाच फुटांचे. त्यामुळे कुर्डुवाडीला माणसांनी उतरायचं, कापसाच्या गाठी उतरवायच्या, दुसऱ्या गाडीत भरायच्या. इंजिन चांगलं होतं, डबे चांगले होते, पण रुंदी जुळत नव्हती! हे जवळजवळ शंभर वर्षं चाललं. २००० नंतरच्या दशकात ब्रॉडगेज झालं तेव्हा कुठे ती उतरंड-चढंड संपली.

हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरचं तेच झालंय. प्रत्येकाचे रूळ वेगळे. एकजण ‘बीपी’ लिहितो, दुसरा ‘ब्लड प्रेशर’, तिसरा नुसताच १४०/९०. यावर उपाय म्हणून एचएल-सेव्हन नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘एफएचआयआर’ नावाचं एक मानक तयार केलं. त्याचा उच्चार ‘फायर’ असा करतात. औषध कसं लिहायचं, तपासणी कशी लिहायची, पेशंटची ओळख कशी लिहायची याचे त्यात ठरलेले साचे आहेत. अमेरिकेत जानेवारी २०१८ मध्ये ॲपलने आयफोनवर हॉस्पिटलच्या नोंदी दाखवायला सुरुवात केली, तेव्हा १२ हॉस्पिटलं त्यात होती. त्यांचा फोन आणि हॉस्पिटल एकमेकांशी बोलू शकले ते याच मानकामुळे. पुढे तिथे नियमच लागू झाले की पेशंटची माहिती पेशंटच्या ॲपला द्यायला हॉस्पिटलने आडकाठी करायची नाही.

आपल्याकडेही हे घोंगडं अगदीच भिजत पडलेलं नाही. केंद्र सरकारने ईएमआरसाठी मानकं पहिल्यांदा २०१३ मध्ये आणि सुधारून २०१६ मध्ये जाहीर केली. १५ ऑगस्ट २०२० ला डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने ते देशभर आलं. १४ आकडी आभा क्रमांक त्यातलाच.

त्याची रचना मला इंजिनिअर म्हणून खरंच आवडली. लोकांना वाटतं की सगळ्या देशाचे रिपोर्ट दिल्लीत एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जमा होतात. तसं नाही. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. बार्शीचा रिपोर्ट बार्शीत, लातूरचा लातूरमध्ये. आभा पत्त्याशी फक्त एवढंच जोडलं जातं की या माणसाची एक नोंद अमुक हॉस्पिटलमध्ये आहे. उद्या सोलापूरच्या डॉक्टरला ती बघायची असेल तर तो विनंती पाठवतो. पेशंटच्या फोनवर दिसतं की कोण मागतंय, काय मागतंय, कशासाठी, कोणत्या तारखांचं आणि किती दिवसांसाठी. पेशंटने ‘हो’ म्हटलं तर माहिती कुलूपबंद होऊन एका हॉस्पिटलकडून दुसऱ्याकडे जाते. मधला जो संमती सांभाळणारा आहे त्याला ती उघडून वाचता येत नाही. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. आपल्या पोस्टमनसारखं, पाकीट नेऊन देणार, पण फोडणार नाही.

मग अडलं कुठं? आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! २०२५ च्या सुरुवातीला देशात ७३ कोटींहून जास्त आभा क्रमांक तयार झाले होते आणि त्यांना जोडलेल्या आरोग्याच्या नोंदी होत्या सुमारे ५० कोटी. म्हणजे सरासरी माणशी एक कागदही नाही. वर्षानुवर्षं बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पिशवीत कागद किती असतात ते आठवा, म्हणजे फरक कळेल. दोरी आली, पोहरा आला, आडात पाणी सोडायचं राहिलं.

पाणी का नाही? कारणं साधी आहेत. एका ओपीडीत सकाळी शंभर-दीडशे पेशंट असतात. डॉक्टरने प्रत्येकाकडे बघायचं की कीबोर्डकडे? लहान गावातल्या एकट्या डॉक्टरकडे सॉफ्टवेअरच नसतं, असलं तर फक्त बिल काढण्यापुरतं. हल्ली मोठ्या सरकारी दवाखान्यांत क्यूआर कोड स्कॅन केला की रांगेत न थांबता टोकन मिळतं. सोय चांगली आहे, पण त्यातून नाव, वय, पत्ता एवढंच जातं. ही झाली दारावरची पाटी. घरात काय आहे ते अजून बाहेरच्याला कळत नाही. आणि जिथे नोंद चढते तिथे ती पुष्कळदा नुसता फोटो किंवा स्कॅन असतो. फोटो माणसाला वाचता येतो, पण त्यात ॲम्लोडिपिन दोनदा आहे हे कॉम्प्युटरला कळत नाही. आपण हॉस्टेलवाले तरी काय वेगळे आहोत? कुणाला थायरॉइड, कुणाला दमा, आणि आपलं ईएमआर म्हणजे बाबांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेले रिपोर्टचे फोटो! रात्री अकराला ताप चढला की रेक्टर मॅडम विचारतात, “कशाची ॲलर्जी आहे का?” आणि आपण घरी फोन लावतो.

अजून एक अडचण खास आपली. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. आपल्याला दोन्ही नावं एकच वाटतात, पण कॉम्प्युटरला ते दोन जिल्हे आहेत. जुन्या केसपेपरवर उस्मानाबाद, नव्यावर धाराशिव. त्यात बाईचं नाव माहेरी एक, सासरी दुसरं. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं? सुनिता की सुनीता? इंग्रजीत लिहिताना ‘आय’ एक की ‘ई’ दोन? एकाच बाईच्या तीन नोंदी तीन बायकांच्या होऊन बसतात. याच्या उलट झालं तर आणखी वाईट, दोन बायकांची एक नोंद! दिल्लीत, बंगलोरमध्ये बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हे सुचणार नाही. आपल्याला सुचतं, कारण आपल्याच आईच्या रेशनकार्डवर आणि आधारकार्डवर वेगळी नावं असतात.

आता मी जे सांगणार आहे ते वाचून मलाही आश्चर्य वाटलं होतं. नोंदी जोडण्याचं काम आपल्या जिल्ह्याने ॲप येण्याच्या कितीतरी आधी करून दाखवलं आहे, आणि तेही जगाने दखल घ्यावी असं. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. आपल्या जिल्ह्यातले किती तरी पेशंट तिथे जातात. तिथे १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका आणि आपल्या जिल्ह्यातले भूम व परंडा हे तालुके, मिळून ३४६ गावं. मोठ्या शहरांत नोंदणीचं काम हॉस्पिटलच्या कागदांवरून चालतं. इथे खेड्यातला माणूस हॉस्पिटलला पोचतच नव्हता, मग कागद कुठून येणार? म्हणून नोंदणीचे कर्मचारीच गावोगाव जात. लोकांशी बोलत, लक्षणं समजावून सांगत, संशय आला तर बार्शीला तपासायला पाठवत आणि पुढे काय झालं ते परत येऊन लिहून ठेवत.

याच पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये आपल्या जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी कोणती तपासणी उपयोगी पडते हे बघायचं होतं. कुणाची कोणती तपासणी झाली, पुढे कुणाला कॅन्सर निघाला, कोण दगावलं, या वेगवेगळ्या याद्या एकमेकींशी जुळवायच्या होत्या. तेही एकेका बाईच्या, आठ वर्षांच्या. एप्रिल २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. जवळजवळ निम्मे! आज जगभर या तपासणीची चर्चा होते तेव्हा उस्मानाबादचं नाव येतं, आणि आपल्याला कॉलेजमध्ये हे कुणी सांगत नाही.

त्या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तुलनेसाठीच्या गटातल्या ३१ हजारांहून जास्त बायकांना तपासणी दिली गेली नव्हती. हे योग्य होतं का, त्यांना नेमकं काय समजावलं होतं, असा प्रश्न पुढे अनेक डॉक्टरांनी जाहीरपणे विचारला. मला वाटतं तो प्रश्न विचारलाच पाहिजे होता. म्हणजे आपल्याच मातीतून दोन धडे मिळतात. पहिला, नोंदी जोडल्या की जीव वाचवायची वाट सापडते आणि त्या जोडायला कुणीतरी गावात चालत जावं लागतं. दुसरा, ज्याची नोंद आहे त्याला नीट विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

या दुसऱ्या धड्याचं आज काय होतंय? २०२१ मध्ये कोविडच्या लसीला आधारकार्ड दाखवलेल्या अनेकांचा आरोग्य क्रमांक आपोआप तयार झाला. लसीच्या प्रमाणपत्रावर तो छापून आला तेव्हा त्यांना कळलं. परवा मावशीला मी तिच्या फोनवरचं संमतीचं पान दाखवलं. सगळं इंग्रजीत, खाली निळं बटण, ‘आय ॲग्री’. ती म्हणाली, “अगं, हे तर मी दाबलंय की कवाच. म्हंजे मी सही केली व्हय? कशावर केली?” मी तिला मराठीत समजावून सांगायला बसले तर मला वीस मिनिटं लागली, आणि मी कॉन्व्हेंटची! ॲपमध्ये भाषा बदलायची सोय असते, पण जे मराठी येतं ते ‘माहिती प्रकटीकरणास अनुमती’ अशा थाटाचं. त्यापेक्षा इंग्रजी बरं म्हणायची पाळी येते.

आणि फोन तरी कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशात सुमारे ५४ टक्के बायकांकडेच स्वतःला वापरता येईल असा मोबाइल होता. घरात एक फोन, त्यावर सगळ्यांची खाती, आणि ओटीपी येतो तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात. सुनेची सोनोग्राफी, मुलीचा गर्भपात, कुणाचा टीबी, कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट, कुणी मानसोपचाराला गेलं असेल तर ते... हे सगळं एका टचवर घरातल्या दुसऱ्याच माणसाला दिसणार असेल तर बायका दवाखान्यात जायच्याच बंद होतील. गावात बातमीला पाय लागत नाहीत, पंख असतात. संमती ही ज्याच्या हातात फोन आहे त्याची नसून ज्याचं शरीर आहे त्याची असते, हे आपण प्रोग्राम लिहिताना विसरलो तर सगळं जोडकाम उलटं अंगावर येईल.

काही जण म्हणतील, एवढा धोका आहे तर कागदच बरा. आमच्या फ्लोअरवर यावर रात्री एक वाजेपर्यंत वाद झालाय! धोका आहेच. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात बरेच दिवस हाताने केसपेपर लिहायची वेळ आली. त्याच वर्षी आपल्या राज्यात सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांमधली एचएमआयएस ही प्रणाली, ती चालवणाऱ्या कंपनीशी पैशांवरून झालेल्या वादात बंद पडली. तिथे चोर आलाच नव्हता, तरी डॉक्टरांना जुन्या पेशंटच्या नोंदी उघडता येईनात. पण मला यातून उलटं दिसतं. नोंद एकाच कंपनीच्या रुळावर असेल तर कंपनी गेली की गाडी गेली. रूळ सगळ्यांचा सारखा असेल आणि पेशंटकडे स्वतःची प्रत असेल तर एक कॉम्प्युटर बंद पडला म्हणून माणूस अडत नाही. एस्टोनियासारख्या छोट्या देशात २००८ पासून सगळ्यांची आरोग्य नोंद ऑनलाइन आहे, आणि माझी नोंद कोणत्या डॉक्टरने कधी उघडली हे तिथला पेशंट स्वतः बघू शकतो. कुलपाबरोबर हा आरसाही हवा. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. कायदा झाला तरी पडद्यावर काय दिसतं ते शेवटी प्रोग्राम लिहिणाराच ठरवतो.

आणि कागद बरा म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. कागद बरा हे आपल्याला वाटतं, कारण आपल्याला तो वाचता येतो. मावशीला तो वाचता येत नाही, ती फक्त वाहून नेते.

आता वळते आपल्याकडे. आपल्या कॉलेजात दरवर्षी फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम’ असतेच. लॉगिन पेज, ॲडमिन, डॉक्टर, पेशंट, बिल. सीनियरचा कोड, नवा रंग, नवं ब्लॅकबुक, व्हायवा, आणि नंतर ते लायब्ररीच्या कपाटात. सर-मॅडम, तुम्हालाही ते बघून कंटाळा आला असेल! या प्रत्येक प्रोजेक्टने एक नवं बेट तयार केलं. त्यातल्या एकानेही शेजारच्या बेटावर जायला साधी फळी टाकली नाही.

त्यापेक्षा हे करता येईल. डिजिटल मिशनचा ‘सँडबॉक्स’ आहे, म्हणजे खोट्या पेशंटवर सराव करायची जागा. नाव नोंदवून कुणालाही वापरता येते. त्यात तीन टप्पे आहेत. पहिला, आभा क्रमांक तयार करून तपासणं. दुसरा, आपल्या सॉफ्टवेअरमधली नोंद पेशंटला जोडणं. तिसरा, संमती घेऊन दुसरीकडची नोंद मागवणं. एका ग्रुपने एका वर्षात पहिले दोन टप्पे जरी नीट केले तरी खूप झालं. दुसऱ्या ग्रुपने गावच्या एकट्या डॉक्टरसाठी असं काहीतरी करावं की त्याने नेहमीसारखी चिठ्ठी लिहिली तरी औषधाचं मूळ नाव साच्यात बसेल आणि एकच औषध दोनदा आलं तर लाल रेघ उमटेल. तिसऱ्याने नावं जुळवायचा प्रोग्राम करावा, उस्मानाबाद-धाराशिव आणि सुनिता-सुनीतासकट. चौथ्याने संमतीचं पान मराठीत लिहावं, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी ते बोलून दाखवावं. या चौथ्या कामाला कोड कमी लागतो आणि अक्कल जास्त, म्हणून ते सगळ्यात अवघड आहे.

हे करताना आशाताईंना विसरून चालणार नाही. आधीच त्यांच्या फोनमध्ये प्रत्येक योजनेचं वेगळं ॲप आहे, आणि एकाच घराची माहिती त्या पुन्हा पुन्हा भरतात. आपल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. त्या शिकल्या आणि गावाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. म्हणजे माणूस तयार आहे. त्याच्या हातात अजून एक ॲप कोंबायचं की आधीची चार एकत्र करून द्यायची, एवढंच आपल्याला ठरवायचंय.

आणि एक विनंती एनएसएसच्या शिबिरात जाणाऱ्यांना. आभा कार्ड काढून द्यायचं टार्गेट घेऊन गावात बसू नका. कार्ड काढणं ऐच्छिक आहे हे आधी सांगा. दहाच माणसांचं काढा, पण प्रत्येकाला संमती म्हणजे काय, ती मागे कशी घ्यायची आणि ‘नाही’ कसं म्हणायचं ते शिकवून या. शंभर कार्डांचा फोटो पेपरात येईल, दहा शहाण्या माणसांचा येणार नाही. येऊ दे नाहीतर न येऊ दे.

२०२२ पासून आपल्या शहरात सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथे आपल्याच वयाची मुलं डॉक्टर होताहेत आणि इथे आपण इंजिनिअर होतोय. एकाच गावात राहून आपण कधी एकमेकांशी बोललेलोही नाही. आपण भावी डॉक्टर आणि भावी इंजिनिअरच जोडलेले नसू तर आपली सॉफ्टवेअर कशी जोडली जाणार? आमच्या मॅडमना मी सुचवलंय की पुढच्या सेमिस्टरला त्यांच्यातल्या चार-पाच जणांना आपल्या लॅबमध्ये बोलवावं. त्यांना काय लिहावं लागतं, किती वेळ मिळतो, काय वाचता येत नाही, हे आपण आधी ऐकू. कोड नंतर.

प्रोजेक्टच्या विषयांची यादी पुढच्या महिन्यात नोटीस बोर्डावर लागेल. आम्ही दोघींनी ‘संमतीचं मराठी पान’ हा विषय द्यायचं ठरवलंय. ग्रुप चौघांचा लागतो, त्यामुळे दोन जागा रिकाम्या आहेत. जावा येत नसली तरी चालेल, पण आजीशी तिच्या भाषेत बोलता आलं पाहिजे.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी (मुलींचे वसतिगृह)